गाडीच्या दाराला खणाची पट्टी



कृषी खात्यातल्या माणसाने मोटारीच्या दारावर लिहावे, याचे तुम्हांला नवल वाटेल. पण हल्ली गावोगाव फिरताना पाहतो, तर वाडीवस्तीवरही एखादी जुनी चारचाकी उभी दिसते. कुणाची मारुती, कुणाची ओम्नी, कुणाची बोलेरो. शहरात वापरून झालेली आणि दुसऱ्या-तिसऱ्या हाताने आपल्याकडे आलेली. इंजिन धडधाकट असते, टायरही बरे असतात. दार उघडले की मात्र आतली बाजू पाहवत नाही. रेक्झिन लोंबते आहे, पुठ्ठा फुगला आहे, दुधाच्या किटलीच्या कडेने भोके पडली आहेत. मग घरातले कुणीतरी म्हणते, "आता ही काढायची आणि नवी घ्यायची." तिथून कर्जाची भाषा सुरू होते.

आमच्या थोरल्या बंधूंच्या घरी हेच घडले. घर राधानगरीच्या बाजूला, म्हणजे पाऊस किती ते सांगायला नको. गाडी मारुती ८००, सन २०१० ची. ही गाडी १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आली आणि २०१४ साली कारखान्याने ती बनवणे बंद केले. तरी तिचे सुटे भाग अजून तालुक्याच्या ठिकाणी मिळतात, हा तिचा मोठा गुण. दादांच्या गाडीने डेअरीला दूध वाहिले, सरकी पेंडीची पोती वाहिली, वाडीतल्या दोन बाळंतिणींना रात्री दवाखान्यात पोचवले. खाजगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती २०२५ साली संपली आणि तपासणी होऊन पुढची पाच वर्षे मिळाली. म्हणजे सरकारदरबारी गाडीला आयुष्य होते. घरात मात्र तिचे दिवस भरत आले होते.

पुतण्याचे वय एकोणतीस. स्थळे पाहणे सुरू आहे. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळणे किती अवघड झाले आहे, हे तुमच्यापैकी अनेकांना घरच्या अनुभवाने ठाऊक असेल. त्याचे म्हणणे असे, की पाहुण्यांना स्टँडवरून या गाडीत बसवून आणायचे म्हणजे आधीच मान खाली घालायची. "काका, दाराला हात लावला की भुसा पडतोय हो," तो मला म्हणाला. नव्या गाडीसाठी कर्ज काढायचे आणि हप्ता उसाच्या बिलातून भरायचा, असा त्याचा हिशेब होता. उसाचे बिल कायद्याने चौदा दिवसांत मिळायला हवे. ते केव्हा मिळते, हे तुम्हीही जाणता आणि मीही जाणतो. हप्त्याची तारीख मात्र बिलाची वाट पाहत नाही. दादा गप्प होते. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, इंजिन चांगलं आहे ना? मग नुसत्या दारासाठी गाडी कशाला काढायची?"

हा प्रश्न मला फार योग्य वाटला. त्याचे उत्तर शोधताना जे केले, ते सविस्तर सांगतो.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्या. दाराच्या आतल्या बाजूला जी रेक्झिनची पाटी दिसते, तिला गॅरेजवाले डोअर पॅड म्हणतात. जुन्या साध्या गाड्यांत ही पाटी हार्डबोर्डची, म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेली असते. तिच्यावर रेक्झिन चिकटवलेले असते. २०२१ साली दादांनी एका सीटकव्हरवाल्याकडून चारही दारांना नवे रेक्झिन लावून घेतले होते. दिसायला झकास झाले. एक पावसाळा गेला आणि रेक्झिन परत सुटले. त्याने जुन्या, फुगलेल्या पाटीवरच नवे कापड चढवले होते. पाटी का फुगली, हे त्याने पाहिले नाही.

सोयाबीन पिवळे पडले, की आपण पंप पाठीला लावून फवारणीला निघतो. वाफ्यात पाणी साचून मुळे गुदमरली आहेत का, हे वाकून पाहत नाही. दाराचेही तसेच आहे. रेक्झिन सुटते ते बहुतेक वेळा मागून आलेल्या ओलीमुळे.

ही ओल येते कुठून? मोटारीचे दार आतून पोकळ असते. पाऊस पडला, की काचेवरून ओघळणारे पाणी काचेच्या फटीतून दाराच्या पोटात उतरते. बाहेरची रबरी पट्टी थोडे पाणी अडवते, सगळे नाही. गाडी बनवणाऱ्याला हे ठाऊक असते, म्हणून त्याने दाराच्या खालच्या कडेला बारीक भोके ठेवलेली असतात. आत आलेले पाणी तिथून निघून जावे, अशी ती योजना. आपण भाताच्या खाचराला सांडवा ठेवतो, तसेच. शिवाय दाराचा आतला पत्रा आणि पाटी यांच्यामध्ये एक प्लॅस्टिकचा कागद काळ्या चिकट लगद्याने चिकटवलेला असतो. पोटात उडणारे शिंतोडे पाटीपर्यंत पोचू नयेत, एवढेच त्याचे काम. त्याची खालची कड पत्र्याच्या आत खोवलेली असते, म्हणजे ओघळ आतच राहतो.

आता गंमत अशी, की काचेची मशीन बिघडली की मेकॅनिक पाटी काढतो, तो कागद टराटरा फाडतो, मशीन बदलतो आणि कागदाशिवायच पाटी परत ठोकतो. त्याला घाई असते आणि आपल्याला तो कागद कशासाठी होता हे माहीत नसते. दादांच्या गाडीच्या चारपैकी तीन दारांत कागद नव्हता. खालची भोके चिखलाने आणि सरकीच्या भुश्याने गच्च बुजलेली. पुढच्या डाव्या दारात तर बोटभर चिखल साठला होता. त्याच बाजूला आमचे आबा बसतात. त्यांचे वय ब्याऐंशी, जुना खोकला. गाडीत बसले की त्यांना बुरशीचा वास यायचा आणि ते काच खाली घ्यायला सांगायचे. त्या पाटीची मागची बाजू मी पाहिली, तर ती हिरवी-काळी होऊन गेली होती.

तेव्हा कापडाचा विचार नंतर. आधी पाण्याची वाट मोकळी करा.

पाटी काढणे अवघड नाही. आधी मोबाईलवर दाराचे दोन-तीन फोटो काढून ठेवा आणि काच पूर्ण वर असताना हँडल कोणत्या कोनात आहे ते पाहून ठेवा. हाताने धरायच्या मुठीचे स्क्रू काढा, कुलपाच्या कडीभोवतीचे प्लॅस्टिक काढा. काच फिरवायच्या हँडलला स्क्रू दिसत नाही, म्हणून पुष्कळजण ते ओढून मोडतात. त्याच्या मागे तारेची एक छोटी चाप असते. हँडल आणि पाटी यांच्यामध्ये सुती चिंधी घाला आणि बूट पॉलिश केल्यासारखी दोन्ही टोकांनी मागेपुढे ओढा. चाप चिंधीत अडकून निघते. पण ती टुणकन उडते, म्हणून खाली चादर अंथरा. मग पाटीच्या कडेने आतल्या प्लॅस्टिकच्या खुंट्या एकेक करून उचकटायच्या. त्याला स्क्रूड्रायव्हर नको, पत्र्याचा रंग जातो. वहिनींनी स्वयंपाकघरातले जुने उलथने आणून दिले. त्याला फडके गुंडाळून काम फार छान झाले. काही खुंट्या तुटतातच. नव्या खुंट्या सुट्या भागांच्या दुकानात स्वस्तात मिळतात.

एक इशारा इथेच देतो. हे सारे जुन्या, हाताने काच फिरवायच्या गाडीचे आहे. नव्या गाड्यांच्या दारांत काचेची मोटर, स्पीकर, वायरी आणि काहींत अपघाताचा धक्का ओळखून हवेची पिशवी उघडणारी यंत्रणाही जोडलेली असते. त्यात घरी हात घालू नये.

पाटी निघाल्यावर आम्ही दाराच्या खालच्या भोकांत सायकलच्या चाकाची तार घालून चिखल काढला. काचेवर तांब्याभर पाणी ओतून ते खालून वाहते का पाहिले. पहिल्या खेपेला थेंबही आला नाही. तिसऱ्या खेपेला गढूळ धार लागली. पुतण्या तोवर लांब उभा राहून पाहत होता. धार लागल्यावर जवळ आला आणि पुढची दोन दारे त्यानेच साफ केली. गंजलेला पत्रा तारेच्या ब्रशने घासला, रेड ऑक्साइडचा हात दिला, वाळल्यावर ऑइलपेंट लावला. भोके रंगाने पुन्हा बुजणार नाहीत, एवढे पाहावे.

प्लॅस्टिकच्या कागदाचा प्रश्न शेतकऱ्याच्या घरी सोपा आहे. मल्चिंगचा कागद पंचवीस-तीस मायक्रॉनचा असतो, तो टिकत नाही. शेततळ्याचे पाचशे मायक्रॉनचे अस्तर फार ताठ, ते वळत नाही. पॉलिहाऊसचा दोनशे मायक्रॉनचा कागद मात्र नेमका बसतो. गावातल्या एका पॉलिहाऊसवाल्याकडे तुकडे पडून होते. खालची कड पत्र्याच्या आत खोवण्यास विसरू नका. ती बाहेर राहिली, तर सगळे मुसळ केरात.

पाट्यांपैकी मागच्या दोन नुसत्या वाकल्या होत्या. त्या उन्हात वाळवून, पाट्यावरवंट्याच्या वजनाखाली आठवडाभर दाबून ठेवल्या, सरळ झाल्या. पुढच्या दोन्ही पापडासारख्या सुटल्या होत्या. सुताराकडून पाण्यात टिकणाऱ्या प्लायवूडचा तीन मिलीमीटरचा तुकडा आणला, जुनी पाटी वर ठेवून पेन्सिलीने आखून घेतली आणि बारीक करवतीने कापली. जाड प्लाय घेण्याचा मोह होतो, तो टाळावा. खुंट्या आणि हँडल जुन्या जाडीच्या हिशेबाने बनवलेले असतात. पाटी जाड झाली की खुंटी भोकात पोचत नाही आणि हँडलची चाप बसत नाही. फोमचेही तसेच, तीन ते पाच मिलीमीटर पुरे. कापलेल्या पाटीच्या कडा आणि मागची बाजू यांना रंगाचे दोन हात द्यावेत. लाकूड पाणी पिते ते कडेने.

आता कापड. इथे घरात दोन दिवस वाद चालला. दादा म्हणाले काळे रेक्झिन, पुसले की झाले. वहिनींना रेक्झिन आवडत नाही. उन्हात तापते आणि घामाने अंगाला चिकटते, हे त्यांचे खरेच होते. कापड मऊ, पण चिखलाचा पाय लागला की संपले. शेवटी मधला मार्ग निघाला. दाराचा खालचा भाग, जिथे पाय आणि किटल्या लागतात, तो रेक्झिनचा. वरचा भाग इचलकरंजीच्या जाड दोसुतीचा, मातकट रंगाचा. आणि दोहोंच्या जोडावर चार बोटे रुंदीची खणाची पट्टी. वहिनींच्या पेटीत गुळेदगुडचा खण होता, चोळीसाठी घेतलेला आणि न शिवलेला. खणाचा पन्हा लहान, अख्ख्या दाराला तो पुरला नसता आणि रोजच्या हाताने मळलाही असता. पट्टीला मात्र तो शोभून दिसला.

पुतण्या म्हणाला, "गाडीला खण? लोक हसतील." ओसरीवरून आबा बोलले, "बेंदराला बैलावर झूल घालत होतो, तवा कोण हसलं न्हाई. उलट बघाय यायचे." त्यावर कुणी काही बोलले नाही.

माझ्या मते आपल्या बायाबापड्यांच्या हातातले हे कसब आपण फार स्वस्तात मोजतो. जी बाई गोधडीला एका ओळीत हजार टाके घालते, चोळीचा कटोरीपट्टा बसवते, तिला दाराचे कापड अवघड नाही. तरी रेक्झिनचे काही गुण तिलाही नवे असतात, म्हणून सांगतो. सुती कापड आधी पाण्यातून काढून वाळवून इस्त्री करून घ्यावे, नाहीतर पहिल्या ओलीला आटून ताणते आणि कडा सुटतात. खणाचा रंग जातो का, हे ओल्या पांढऱ्या फडक्याने चोळून पाहावे. रेक्झिनला टाचण्या लावू नयेत, पडलेले भोक कायमचे राहते. कपडे वाळत घालायचे चिमटे लावावेत. मशीनला अठरा नंबरची सुई आणि पॉलिस्टरचा जाड दोरा हवा. टाका मोठा ठेवावा. बारीक टाक्यांनी भोके जवळजवळ पडतात आणि पोस्टाच्या तिकिटासारखे रेक्झिन त्याच रेषेवर फाटते. मशीनचा पाय रेक्झिनला चिकटून अडतो, तेव्हा मध्ये वर्तमानपत्राची पट्टी ठेवून शिवावे आणि मागून फाडून टाकावी. वहिनींची उषा मशीन त्यांच्या लग्नातली आहे. तिने दोन पदर रेक्झिन आणि एक पदर दोसुती कुरकुर न करता ओढले.

तिन्ही कापडे जोडून एक अखंड तुकडा झाला, की तो पाटीपेक्षा सगळीकडून दोन इंच मोठा कापायचा. चिकटवायला पांढरा फेव्हिकॉल घेऊ नका, तो ओलीला विरघळतो. चांभार वापरतात ते रबरी सोल्यूशन घ्यावे. ते पाटीला आणि कापडाला, दोन्हींना पातळ लावायचे आणि दहा-पंधरा मिनिटे थांबायचे. बोट लावल्यावर चिकटते पण बोटाला येत नाही, अशी वेळ आली की मधून सुरुवात करून कडेकडे दाबत जायचे. एकदा धरले की ते हलवता येत नाही, म्हणून दोघांनी मिळून धरावे. बाहेरच्या गोलाईवर कापडाच्या कडेला कातरीने पाचर काढावी, आतल्या गोलाईवर चिरा द्याव्यात, म्हणजे मागे दुमडताना चुण्या पडत नाहीत. स्टेपलर वापरू नये. पातळ पाटीतून पिन आरपार येते. हँडलच्या आणि स्क्रूच्या जागा टोच्याने चाचपून तिथे छोटी फुली कापावी. मोठे भोक पाडले तर कापड तिथूनच उसवत जाते.

हे सोल्यूशन झटकन पेट घेते आणि बंद खोलीत त्याच्या वासाने डोके गरगरते. आम्ही सारे काम अंगणात, वारा असलेल्या बाजूला केले. चूल, बिडी, उदबत्ती काहीही जवळ नको. उरलेला डबा घट्ट बंद करून मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवावा. शहरांतून पोरे हा वास हुंगायची सवय लावून घेतात, आता गावातही तसे होऊ लागल्याचे कानावर येते.

चार दारांना आमचे सात दिवस गेले, तेही सकाळची धार काढून झाल्यावर आणि दुपारची वीज असेल तेवढे. खर्च दोन हजारांच्या आत आला. मजुरी धरली तर जास्त होईल, पण घरच्या बाईची मजुरी आपण कधी धरत नाही, हेही मला या वेळी खटकले. मी दादांना तसे बोलून दाखवले. त्यांनी पुढच्या आठवड्यात वहिनींच्या मशीनला मोटर बसवून दिली.

मे महिन्याच्या शेवटी, मृगाच्या आधी, काम संपले. हे काम उन्हाळ्यातच करावे. पावसाळी हवेत पाटीही वाळत नाही आणि सोल्यूशनही नीट धरत नाही.

स्थळाचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. पाहुणे येऊन गेले. मुलीच्या आईने गाडीत बसताना खणाच्या पट्टीवरून हात फिरवला आणि कुणी शिवले ते विचारले. चहापाणी चांगले झाले. नंतर निरोप आला, की त्यांना पुण्यात नोकरी असलेला मुलगा हवा आहे. त्याला गाडीचे दार काय करणार? पुतण्याने नव्या गाडीचा विचार सोडलेला नाही, पण यंदाचे बिल हातात पडेपर्यंत थांबायचे त्याने स्वतःहून ठरवले आहे. आबा काच वर करून बसतात.

पावसाळ्यात एक मोठी झड होऊन गेली, की पाटीच्या खालच्या कडेमागे बोट घालून पाहावे. बोट कोरडे आले तर कागद नीट बसला आहे. ओलसर आले, तर पाटी काढून कागदाची खालची कड आधी तपासावी आणि मग भोकांत तार घालावी. दादांच्या गाडीत श्रावणापर्यंत तीन दारे कोरडी निघाली. मागच्या उजव्या दाराची कड थोडी ओली होती. तिथली काचेची रबरी पट्टीच कुजली होती. ती पट्टी आता बदलली आहे.